मेणचट : अर्थ तिसरा

१

‘मेणचट’ या शब्दाची सातही कार्डं खणातून गेली होती.

दादांनी लाकडी खण पुरता बाहेर ओढून टेबलावर ठेवला आणि दोन बोटांनी कार्डं चाळत ते पुन्हा एकदा ‘मेणकापड’पासून ‘मेणबत्ती’पर्यंत आले. मधे काही नाही. शब्दकोशाच्या त्या कचेरीत असे दोनशे चाळीस खण होते. कोणता शब्द कुणी, कुठे, कसा वापरला याची नोंद हाताएवढ्या कार्डांवर लिहून त्यांत लावलेली होती, आणि एकतीस वर्षं दादा त्यांची राखण करत होते.

“बाई, तुम्ही ‘मेणचट’च म्हणालात ना? मला हल्ली जरा कमी ऐकू येतं.”

“मेणचटच,” वेलांटीबाई म्हणाल्या. तीन मजले चढून आल्याची धाप अजून उतरली नव्हती. त्या प्रूफं तपासायच्या. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नजरेतून सुटत नाही म्हणून कचेरीने त्यांना हे नाव दिलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की घरी नणंदसुद्धा त्याच नावाने हाक मारायची. निवृत्तीला दोन महिने उरले होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला होता. ‘म’चा खंड एकदाचा छापून व्हावा आणि आपण घरी जाऊन डोळे मिटून पडावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

पण दुसरं प्रूफ आलं आणि ‘मेणचट’ची नोंद सहा ओळींनी आखूड झालेली त्यांना दिसली.

पहिल्या प्रूफात तीन अर्थ होते. पहिला, हाताळून चिकट झालेला. दुसरा, मिळमिळीत, कणा नसलेला माणूस. आणि तिसरा एक होता, त्याखाली एकच वाक्य दिलेलं. प्रूफ तपासणारा वाक्य वाचत नाही, अक्षरं वाचतो. तरी त्या वाक्यापाशी बाई थांबल्या होत्या : ‘बॉयलर पेटायच्या आधी खोलीत एक मेणचट उजेड असतो, काल दिवसभर माणसांनी हाताळलेला.’

दुसऱ्या प्रूफात तो अर्थही नव्हता आणि ते वाक्यही.

“पहिलं प्रूफ कुठाय?”

“रद्दीत गेलं. दुसरं आलं की पहिलं जातंच.” दादांनी खण आत ढकलला. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच; एक दादांच्या कमरेला, दुसरी सरांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली. सर म्हणजे मुख्य संपादक. त्यांच्या खोलीत दिवसभर सगळ्यांचीच ये-जा.

तेवढ्यात दारात जावईबापू उभे राहिले. हे सरांचे जावई आणि कोशाचे उपसंपादक. तोंडावर साहेब म्हणायचं आणि पाठ फिरली की जावईबापू, हा कचेरीचा शिरस्ता होता. त्यांच्या कादंबरीला यंदाचा सगळ्यात मोठा पुरस्कार जाहीर झाल्यापासून ते जरा हळू चालायचे, लोकांना बघायला वेळ मिळावा म्हणून.

“काय हरवलं?” त्यांनी विचारलं. ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, “दादा, कार्डं तुमच्या ताब्यात. सोमवारी अकरा वाजता सरांसमोर खुलासा द्या. समाधान झालं नाही तर तुम्हाला घरी बसावं लागेल. आणि का बसवलं ते कागदावर लिहूनच बसवू.”

दादा हातातल्या किल्लीकडे बघत राहिले. एकतीस वर्षांत त्यांना कुणी चोर म्हटलं नव्हतं.

२

त्या संध्याकाळी बाईंच्या नणंदेने पुस्तक मांडीवर घेतलं. दोघी विधवा, दोन खोल्यांत एकत्र राहायच्या. बाईंचे डोळे थकल्यापासून वाचायचं काम नणंदेकडे आलं होतं. गेले चार दिवस जावईबापूंची कादंबरी चालू होती. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुणाऱ्या एका बाईची गोष्ट.

“किती गं हा मळ!” नणंद म्हणाली. “पण लिहिलंय मात्र झकास. हे बघ. ‘दाराची मूठ मेणचट झाली की समजावं, वॉर्डात गर्दी आहे. आजारी माणूस मूठ धरतो ती सोडवत नाही.’ बाप्याला कसं गं सुचलं हे?”

“वाच पुढे.”

नणंदेने दोन पानं वाचली आणि मग एकदम थबकली. “आता हे काय? ‘प्रियकराच्या खोलीची भिंत स्टोव्हच्या धुराने मेणचट झाली होती.’ धुराने भिंत मेणचट कशी होईल? कळकट म्हण की मेल्या!”

“काय फरक पडतो?” बाईंनी मुद्दाम विचारलं.

“तू आयुष्यभर शब्द तपासलेस, मी आयुष्यभर घर पुसलं, म्हणून विचारतेस. धुराने होतं ते कळकट. धुळीने धुळकट. तेलाने ओशट. मेणचट होतं ते माणसाच्या अंगाने. उशी, गळपट्टी, कपाटाची कडी. भिंत मेणचट व्हायची तर तिला रोज कुणीतरी टेकून बसायला हवं. इतकी वर्षं सासूबाईंच्या खुर्चीचे हात मी खरडले, ते काय उगाच?” तिने पान उलटलं. “पण मघाशी तर बरोबर लिहीत होता. मधेच काय झालं त्याला?”

बाईंनी कपातला चहा तसाच ठेवला.

“हे प्रकरण सोडून पुढचं वाचू का? ‘बॉयलर पेटायच्या आधी खोलीत एक मेणचट उजेड असतो, काल दिवसभर माणसांनी हाता—’”

“—‘हाताळलेला’,” बाई म्हणाल्या.

नणंदेने चष्म्यावरून पाहिलं. “तू आधी वाचलंयस हे?”

“पहिल्या प्रूफात वाचलंय. आणि वाक्यापुढे कंसात साल असतं. त्याच्यापुढे सव्वीस वर्षांपूर्वीचं होतं.”

३

शुक्रवारी सकाळी बाई पुन्हा दादांच्या टेबलाशी जाऊन बसल्या. दादांच्या डोळ्यांखाली रात्रीचं जागरण दिसत होतं. खुलाशाचा कागद समोर होता आणि त्यावर ‘माननीय’ एवढंच लिहून झालं होतं.

“दादा, त्या वाक्यापुढे कंसात ‘ह. ४१’ होतं. आठवतंय मला. ह म्हणजे हस्तलिखित ना?”

दादांचा चेहरा पहिल्यांदाच हलला. त्यांनी मागच्या कपाटातून आवक वही काढली आणि जिभेला बोट लावत पानं उलटली. एक्केचाळिसावी नोंद त्यांच्याच तरुणपणच्या अक्षरात होती : ‘निळ्या पुठ्ठ्याची वही, १८८ पानं. लिहिणार : इस्पितळाच्या धुलाईघरातील कामगार बाई. विषय : कामाच्या आठवणी. कार्डं लिहून झाल्यावर परत करावयाची.’

पुढे दोन रकाने. नेणार : मुख्य संपादक. परत : कोरा.

“सव्वीस वर्षं कोरा?”

“सर शेकडो वह्या घरी नेतात बाई. त्यांच्या कपाटात कचेरीपेक्षा जास्त कागद आहेत. मागायला संकोच वाटतो.”

सरांच्या कपाटात म्हणजे सरांच्या घरात. आणि त्या घरात लग्नानंतर जावईबापूच राहायला आले होते, हे अख्ख्या कचेरीला ठाऊक होतं. बाईंना सगळं लख्ख दिसलं. इतकं लख्ख की त्यांना त्याचाच कंटाळा आला. वही हाती लागली, कादंबरी झाली, आता कोशात तेच वाक्य छापून यायची वेळ आली म्हणून कार्डं गेली. खिळ्यावरची किल्ली काढायला कितीसा वेळ लागतो?

पण दिसणं वेगळं आणि दाखवता येणं वेगळं. त्या उठून जावईबापूंच्या टेबलाशी गेल्या.

“साहेब, कादंबरी वाचतेय. तुम्हाला धुलाईघराची एवढी माहिती कशी?”

ते खूश झाले. खुर्ची पुढे सरकवली. “माझं बालपणच तसल्या वस्तीत गेलं, बाई. चादरी वाळत घातलेल्या असायच्या, आम्ही त्यांतून पळायचो. ते सगळं रक्तात उतरलेलं असतं.”

“एक शब्द सारखा येतो, मेणचट. मला त्याचा अर्थ कोशासाठी नेमका करायचाय. तुम्ही म्हणता तेव्हा तुमच्या मनात काय असतं?”

“मेणचट?” जावईबापूंनी हवेत हात फिरवला. “घाणेरडं. कळकट, मळकट, धुळकट, काही म्हणा. मळ तो मळ. मला त्याचा नाद आवडतो.”

“आणि उजेड मेणचट कसा होतो?”

हात हवेतच थांबला. त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं. हसू तसंच होतं, पण त्याच्यामागचा माणूस आत निघून गेला होता.

“प्रतिभा असते ती, बाई,” ते म्हणाले. “ती प्रूफात तपासता येत नाही. आणि दोन महिने राहिलेत ना तुमचे? सांभाळून राहा.”

४

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. बाईंनी छापखान्याला फोन लावला. तिथला जुळारी आता संगणकावर पानं लावायचा, पण हुद्दा जुनाच राहिला होता आणि कुरकुरही जुनीच.

“बाई, पहिलं प्रूफ मागू नका. तुमच्याकडेच परत पाठवलं.”

“प्रूफ नको. तुम्ही कोणकोणत्या दुरुस्त्या केल्यात त्याची यादी ठेवता ना?”

“ठेवतो. नाहीतर उद्या तुम्हीच म्हणाल, हे कुणी केलं. थांबा.” बराच वेळ कागद उलटल्याचा आवाज आला. “हां. ‘मेणचट’. तिसरा अर्थ आणि उदाहरण काढा. सहा ओळी. केलं.”

“कुणाच्या अक्षरात होतं?”

“अक्षर कुठलं? नुसती लाल रेघ. लाल तर तुम्ही सगळेच वापरता. आणि त्यापायी आणखी दोन होत्या बघा. ‘मिणमिणता’ या शब्दाखाली ‘तुलना करा : मेणचट ३’ होतं, ते काढलं. आणि पार शेवटी ‘म्लान’खाली तेच होतं, तेही काढलं. बारीक काम हो. मी म्हटलं, बाईच असणार.”

“मी नाही,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

त्या आपल्या खुर्चीत बसल्या. पाठ दुखत होती. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचे कामगार घरी निघाले होते. त्यांनाही घरी जायचं होतं, पण उठवेना.

चोरी करणारा माणूस घाईत असतो. आपलं वाक्य दिसलं की त्यावर रेघ मारून मोकळा होतो. ‘मिणमिणता’ साठ पानं मागे होता, ‘म्लान’ शंभर पानं पुढे. तिसरा अर्थ गेला तर त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या या दोन नोंदी लोंबकळत राहतील, वाचक शोधायला जाईल आणि त्याला काहीच सापडणार नाही, ही काळजी कुणाला? ज्याच्या लेखी मळ तो मळ, त्याला? जावईबापूंनी ‘म’चा खंड आरंभापासून अखेरपर्यंत एकदाही वाचला नव्हता. त्यांच्या वाटणीची पानं बाईच दुरुस्त करायच्या.

आणि सात कार्डं का? लपवायचं होतं ते एकच. पण कार्डांना क्रमांक असतात; एक गेलं असतं तर कोणतं गेलं ते ताबडतोब कळलं असतं. गठ्ठाच गेला की वाटतं, कुणी भलत्या खणात लावला असेल. खणांची रीत ज्याने घालून दिली त्यालाच हे सुचावं.

कोशातली एक नोंद हलवली की आणखी कुठे कुठे धक्का बसेल, हे मनातल्या मनात सांगू शकणारा माणूस त्या इमारतीत एकच होता. बाईंनी त्याच्या हाताखाली अठ्ठावीस वर्षं काढली होती.

५

सोमवारी त्या नऊलाच आल्या. सर आधीच येऊन बसले होते. पंचाहत्तरीचा माणूस, खांदे उतरलेले, टेबलावर प्रूफांचा ढीग.

“बसा बाई. आज लवकर?”

“सर, ‘म्लान’ची तुलना काढायला नको होती. तिथे चुकलात.”

सरांनी हातातली लेखणी खाली ठेवली. “काढली नसती तर कोश चुकीचा झाला असता.”

“म्हणूनच कळलं मला.”

ते किंचित हसले. “चाळीस वर्षांची सवय. चोरीसुद्धा नीट करावीशी वाटली.” त्यांनी टेबलाचा खालचा कप्पा उघडला आणि दोऱ्याने बांधलेला लहानसा गठ्ठा पुढे सरकवला. सात कार्डं. “फाडवली नाहीत. रोज घरी नेतो, रोज परत आणतो.”

बाईंनी गठ्ठ्याला हात लावला नाही.

“पहिलं प्रूफ वाचताना ते वाक्य दिसलं,” सर बोलू लागले. “मनात म्हटलं, हे आपण नुकतंच कुठे वाचलं? घरी जाऊन जावयाचं पुस्तक उघडलं. मग कपाट उघडलं. वही जागेवर नव्हती. त्याला विचारलं तर म्हणतो, धुणाऱ्या बाईची वही कोण वाचणार होतं, मी तिला जगासमोर आणली. मुलगी दारात उभी होती. म्हणाली, बाबा, तुम्ही बोललात तर माझं घर बुडेल.” त्यांनी चष्मा काढला. “माझी आई त्या इस्पितळात होती, तेव्हा ती बाई भेटली. मुक्कामच होता माझा तिथे. शब्द असे निवडून वापरायची की मी थक्क व्हायचो. वही मीच मागून घेतली. महिन्याभरात परत करतो म्हणालो.”

“आणि दादा?”

सर सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसू लागले.

“दोन तासांनी दादा इथे उभे राहतील, सर. तुम्ही त्यांना चोर ठरू देणार होतात?”

“नाही म्हणायचं होतं. रोज वाटायचं, उद्या म्हणू.” त्यांचा आवाज अगदी खाली गेला. “दुसरा अर्थ वाचलात ना तुम्ही? मिळमिळीत, कणा नसलेला. व्याख्या मीच लिहिलीय. आता तिला उदाहरणही मिळालं.”

बाईंना राग यायला हवा होता. आला नाही. त्या पाहत होत्या तो एक फार दमलेला म्हातारा होता, आणि त्यांना स्वतःलाही बसल्या जागी झोप येईल असं वाटत होतं. पण खालच्या मजल्यावर तिसरा एक म्हातारा ‘माननीय’च्या पुढचं वाक्य शोधत बसला होता.

“अकरा वाजता मी बोलेन,” त्या उठत म्हणाल्या. “माझ्याआधी तुम्ही बोललात तर बरं दिसेल.”

६

अकराला दादा आले तेव्हा त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. खुलाशाचा कागद चार घड्या घालून खिशात होता. जावईबापू खिडकीपाशी उभे होते. सरांनी कुणाला बोलू दिलं नाही.

“दादा, कार्डं मी घेतली होती,” ते म्हणाले आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. “तुमचा काही संबंध नाही. तुमची क्षमा मागतो.”

दादांनी आधी गठ्ठा उचलला. दोरा सोडून कार्डं मोजली. सात भरली तेव्हा कुठे ते खुर्चीवर बसले, आणि बसले ते रुमाल डोळ्यांना लावूनच.

जावईबापू पांढरे पडले होते, पण सावरले. “ठीक आहे. सासरेबुवांचा काही गैरसमज झाला असेल. त्यात माझा काय दोष?”

“वही कुठाय?” सरांनी विचारलं.

“कसली वही? एक वाक्य सारखं निघालं म्हणून सबंध कादंबरी चोरीची? दोन माणसांना एक वाक्य सुचू शकतं. न्यायालयात टिकेल का हे?”

सर बाईंकडे पाहू लागले. बाईंनी पिशवीतून कादंबरी काढली. तिच्या पानापानांतून कागदाचे कपटे डोकावत होते. शनिवार-रविवार नणंदेने ते लावले होते, कुरकुरत, पण एकही न सोडता.

“एका वाक्याचं नाही म्हणत मी,” बाई म्हणाल्या. “एका शब्दाचं म्हणतेय. ‘मेणचट’ तुमच्या पुस्तकात तेवीस वेळा आहे. एकोणीस वेळा तो दाराच्या मुठीला आहे, उशीच्या अभ्र्याला, ढकलगाडीच्या दांड्याला, रडून रडून हाताळलेल्या एका फोटोला. प्रत्येक वेळी माणसाच्या हाताचा मळ. आणि जिथे धूर आहे तिथे त्याच पानांत ‘कळकट’ आहे, तेल आहे तिथे ‘ओशट’. लिहिणारी व्यक्ती एकदाही चुकत नाही. उजेडसुद्धा मेणचट आहे तो माणसांनी हाताळलेला म्हणून.”

“मग? मी लिहितोच नेमकं.”

“चार ठिकाणी नाही. धुराने मेणचट भिंत. धुळीने मेणचट काच. मेणचट ढग. आणि रस्त्यावरचा मेणचट चिखल. ही चारही प्रियकराच्या प्रकरणातली, आणि त्या प्रकरणात धुलाईघर येतच नाही. शुक्रवारी मी तुम्हाला अर्थ विचारला तेव्हा तुम्ही म्हणालात, मळ तो मळ. ज्याने ही चार पानं लिहिली तो असंच म्हणेल. ज्याने उरलेली लिहिली तो मेला तरी म्हणणार नाही.” त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं. “चार पानं तुमची आहेत, साहेब. त्यांवर कुणी हक्क सांगणार नाही.”

जावईबापूंनी सासऱ्यांकडे पाहिलं, मग दादांकडे, मग दाराकडे.

“बॅगेत आहे,” अखेर ते म्हणाले. “समारंभ झाल्यावर जाळणार होतो.”

वहीचा निळा पुठ्ठा फिका पडला होता. बाईंनी ती उघडली. पहिल्याच पानावर, शाळा अर्ध्यात सुटलेल्या पण न थकलेल्या अक्षरात, मळाचे सात प्रकार लिहिले होते आणि प्रत्येकापुढे तो कशाने निघतो ते.

७

जावईबापूंनी पुरस्कार नाकारल्याची बातमी चार ओळींत आली. कारण प्रकृतीचं दिलं होतं. दोन दिवसांनी सरांनी स्वतःच्या सहीने खरं कारण पाठवलं, तेव्हा ती मोठी झाली. त्याच दिवशी त्यांनी पद सोडलं. मुलगी बापाशी बोलायची थांबली, असं कानावर आलं. पुढचं कुणी विचारलं नाही. दादांनी सात कार्डं जागेवर लावली आणि खणाचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

वही परत करायला बाई एकट्या गेल्या. इस्पितळाच्या जुन्या हजेरीपटावरून पत्ता मिळाला होता. तळमजल्यावरची खोली, दारात वाळत घातलेला टॉवेल. सगळे तिला आक्का म्हणत. ऐंशीच्या घरातली बाई, बोटं सोड्याने आणि गरम पाण्याने वाकडी झालेली. भाचीने तिला उठवून बसवलं.

आक्काने वही हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि नाकाशी नेली. “त्या साहेबांची आई बरी झाली होती का?” तिने पहिलं विचारलं.

“नाही. तेव्हाच गेल्या.”

“मला वाटलंच. म्हणून मी वही मागायला गेले नाही.”

मग बाईंनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. आक्का ऐकत होती. मधे एकदा भाची संतापून काही बोलली, तिला तिने हाताने गप्प केलं. सगळं ऐकून झाल्यावर बाईंनी अखेरचं प्रूफ काढलं.

“तुमचा अर्थ पुन्हा घातलाय. खाली तुमचं नाव छापणार आहोत. वाचून दाखवू? ‘मेणचट, अर्थ तिसरा : वापरून वापरून झिजलेला. उजेड, आवाज, दिवस यांविषयी.’”

“झिजलेला नाही,” आक्का म्हणाली.

“म्हणजे?”

“झिजतं ते कमी होतं. मेणचट झालं की वाढतं. माणसं हात लावून जातात आणि थोडी थोडी तिथेच राहतात. आम्ही ती धुवायचो. सकाळी जायचे तेव्हा खोलीत आदल्या दिवसाची सगळी माणसं असायची, ती अजून गेलेली नसायची. झिजलेलं काय त्यात?”

बाईंनी लाल लेखणी काढली. सरांनी लिहिलेल्या व्याख्येवर अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कधी रेघ मारली नव्हती. आता ‘झिजलेला’ खोडून वर ‘साठलेला’ लिहिलं, आणि वाचून दाखवलं. आक्काने मान हलवली.

उन्हं कलली होती. बाई उठल्या तशी आक्काने त्यांचा हात धरला. “त्याने केलेलं पुस्तक तुम्ही वाचलंत ना? मला वाईट वाटेल म्हणून काहीबाही नका सांगू, खरं सांगा. कसं आहे?”

“चार पानं सोडली,” वेलांटीबाई म्हणाल्या, “तर फार चांगलं लिहिलंय तुम्ही.”